घड्याळ आतल्या बाजूला

काकू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "पेपरात द्यायला चार ओळी लिहून दे. तुझं मराठी बरं आहे." मी दहा मिनिटांत दिल्या. प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, सढळ हाताची. शब्द शोधावे लागलेच नाहीत, बोटांत तयार होते. छापून आलं तेव्हा शेजारच्या चौकटीत एक अनोळखी बाई होत्या. त्याही प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. दोन फोटोंची अदलाबदल झाली असती तर त्या दोन घरांखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

तेव्हा ते नुसतं डोळ्यांखालून गेलं. महिन्याभराने दादा आणि ताईने, म्हणजे काकूच्या मुलांनी, ठरवलं की काकूला जाऊन वर्ष होईल तोवर घरच्यांसाठी तिच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची, आणि काम माझ्याकडे आलं. मी पहिला मसुदा लिहिला, दुसऱ्या दिवशी वाचला आणि गंमत म्हणून काकूचं नाव खोडून तिथे त्या शेजारच्या बाईंचं नाव घातलं. एकही वाक्य अडखळलं नाही. चारही पानं फाडून टाकली.

पुढचे दहा महिने हीच परीक्षा प्रत्येक पानाला लावली. नाव बदलूनही वाक्य खुशाल चालत असेल तर ते काकूचं नव्हे.

सुरुवात प्रश्नांतच चुकली होती. तेवीस जणांची यादी केली, पहिल्या चौघांना फोन लावले आणि विचारलं, "काकू कशी होती?" असं विचारल्यावर विशेषणंच मिळणार. "देवमाणूस गं." "तिच्यासारखी तीच." मग दोन्हीकडे शांतता, मग नाक ओढणं, मग "बरं, ठेवते." चार फोन झाले आणि वहीत उतरवावी अशी एक ओळ हाती लागली नाही.

पाचवा फोन आतेभावाला. तो मोजकं बोलणारा, मनातलं बोलायची वेळ आली की घसा खाकरून विषय बदलणारा. त्याला काय विचारावं सुचेना, म्हणून म्हटलं, "तू त्या घरात शिकायला होतास तेव्हा झोपायचास कुठे रे?" तो पंचेचाळीस मिनिटं बोलला. शिवणयंत्राच्या मागे, भिंतीकडे डोकं करून. काकू रात्री शिवायला बसली की त्याच्या उशाखालची जमीन थरथरायची, आणि त्या थरथरीची त्याला इतकी सवय झाली की तिच्यावाचून डोळा लागेना. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या पेपराच्या आदल्या रात्री काकूने याची झोपमोड नको म्हणून यंत्र बंद ठेवलं, आणि हा पठ्ठ्या रात्रभर टक्क जागा. सकाळी त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बोलायचंस की. माझे दोन फ्रॉक राहिले." उरलेल्या सगळ्या पेपरांच्या आदल्या रात्री यंत्र चाललं. हातात शिवण नसेल तर दोरा काढून, रिकामंच.

मग मी तोच प्रश्न सगळ्यांना विचारत सुटले. तेवीसपैकी एकोणीस जण कधी ना कधी त्या घरात राहून गेलेले होते. कुणी आठवडाभर, कुणी सहा वर्षं. शिकायला, नोकरी मिळेपर्यंत, दुखण्यातून उठेपर्यंत, किंवा आपल्या घरात धड चाललेलं नव्हतं म्हणून. काकू कशी होती हे सांगताना ज्यांना शब्द सापडत नव्हते त्यांना आपली झोपायची जागा मात्र वीतभर मोजून ठाऊक होती. जिन्याखाली, पाय वाकवून. पुस्तकांच्या कपाटाला पाय लावून. ऐन दारात, त्यामुळे पहाटे उठणाऱ्याने आपल्याला ओलांडूनच जायचं. मी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक जागेवर नाव आणि वर्षं टाकली. एका वर्षी तीन खोल्यांत अकरा माणसं भरली. पुस्तिकेचं पहिलं खरं पान हे. त्यात काकूबद्दल एक शब्द नाही.

नकाशा पुरा झाल्यावर एक जागा रिकामी राहिली. काकू स्वतः कुठे झोपायची हे कुणालाच सांगता येईना. काकांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जिथे उरेल तिथे," म्हणाले.

बोलणं मी फोनवरच ध्वनिमुद्रित करायचे, आधी विचारून. समोर बसून बोलायचं असेल तर फोन विमान-मोडवर टाकून टेबलावर ठेवायचा, नाहीतर भर आठवणीत कर्जाची जाहिरात वाजते. माझं तसं दोनदा झालं. समोरचा थांबला की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही हे शिकायला मला बरेच दिवस लागले. मी मनात दहापर्यंत मोजायचे. सातव्या-आठव्या आकड्याला माणूस पुन्हा बोलायला लागतो, आणि तेव्हा जे बोलतो ते आधी ठरवून आणलेलं नसतं. "बरं, झालं मग" म्हटल्यावर चप्पल घालता घालता जे येतं ते तर लाखमोलाचं.

ध्वनिमुद्रण ऐकून उतरवायचं काम मात्र जीव काढणारं. एका तासाच्या बोलण्याला मला पाच तास लागत. फोनमधलं आपोआप टंकणारं साधन वापरून पाहिलं. एकटा माणूस सावकाश बोलत असेल तर ते ठीक, दोघं एकदम बोलले की घोळ. शिवाय पहिल्या खेपेला मी सगळ्यांचं बोलणं साफसूफ करून लिहिलं. वाचून पाहते तर तेवीस जण माझ्यासारखेच बोलत होते. मावशींचं "म्हणजे कसं की" परत घातलं, आतेभावाचं घसा खाकरणंसुद्धा कंसात ठेवलं. (मावशी म्हणजे काकूची धाकटी बहीण. त्यांच्याकडे पुढे येते.)

एक चूक अशी की ती समोरच्यानेच दाखवून दिली. धाकट्या चुलतभावाला मी विचारलं होतं, "तू शाळा बुडवलीस तेव्हा काकू रागावली, मग?" त्याने तिच्या रागाचं मोठं रसभरित वर्णन केलं. दोन दिवसांनी त्याचाच फोन. "अगं, ती रागावली नव्हती. ती माझ्यासोबत शाळेपर्यंत चालत आली आणि फाटकाशी उभी राहिली, एवढंच. तू रागावली म्हणालीस म्हणून मी रागावली म्हटलं." अमेरिकेतल्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केलेला एक प्रयोग मी कधीतरी वाचला होता. लोकांना मोटारींच्या अपघाताची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या जोरात आदळल्या तेव्हा किती होता. क्रियापद बदललं तसा लोकांनी सांगितलेला वेगही वाढला. आठवड्याने परत विचारलं तर "आदळल्या" ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवत होत्या. फितीत काच फुटलेलीच नव्हती. तो प्रयोग माहीत असूनही मी माझ्या भावाच्या आठवणीत काचा पसरून आले होते. तेव्हापासून माझा प्रश्न तीनच शब्दांचा: "मग काय झालं?"

आता छत्रीची गोष्ट. आमच्या घरात ती प्रत्येकाला पाठ आहे. धो धो पाऊस, रेल्वे स्टेशन, कडेवर मूल घेतलेली एक अनोळखी बाई, काकूने स्वतःची छत्री तिला देऊन टाकली आणि भिजत घरी आली. मी या गोष्टीची सात रूपं गोळा केली. चौघांच्या गोष्टीत छत्री, दोघांच्या गोष्टीत रेनकोट, एकाच्या गोष्टीत अंगातला स्वेटर. एकीच्या गोष्टीत तिकिटाचे पैसेही दिले. भिजल्यावर काकू कुठे दोन दिवस आजारी, कुठे पंधरा दिवस, एका रूपात तर मरता मरता वाचली. तिघांनी छातीठोकपणे सांगितलं, "मी तिथे होतो." माझ्या नकाशावरच्या वर्षांप्रमाणे त्यातला एक तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होता.

तो खोटं बोलत नव्हता. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये आपले जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत हेच आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना एका परक्या समाजातली लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावली. दर खेपेला तिच्यातलं विचित्र, न पटणारं गळत गेलं, अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या आल्या, आणि कथा सांगणाऱ्याच्या साच्यात बसली. आमचा साचा "काकू म्हणजे त्याग" हा होता. त्यामुळे प्रत्येक सांगण्यात ती अधिक भिजत गेली.

शेवटी काकांना विचारलं. ते त्या दिवशी खरोखरच सोबत होते. "छत्री होती. एक काडी मोडलेली. ती तशीही टाकायची म्हणत होती."

"आणि आजारी पडली ती?"

"आजारी मी पडलो."

मी सातही रूपं एकाखाली एक छापली आणि काकांचं आठवं शेवटी ठेवलं. काही जण माझ्यावर नाराज आहेत. मला विचाराल तर मोडक्या काडीची छत्री असूनही ती दिली, यात मला अधिक काकू दिसते. समोरच्याला काय लागतंय ते बघून जे हाताशी असेल ते पुढे करायचं. त्याची गोष्ट होईल असं तिच्या मनातही नसावं.

सगळे प्रसंग मी एका मोठ्या तक्त्यावर मांडत होते. वर्षाला एक ओळ, तीत काय घडलं आणि कुणी सांगितलं. चार महिन्यांनी तक्ता लांबून पाहिला तर काकूच्या पस्तिशीपासून पन्नाशीपर्यंत नुसती गर्दी आणि साठीनंतर जवळजवळ कोरा कागद. मला वाटलं, म्हातारपणी तिने हात आखडता घेतला असेल, थकली असेल. मग लक्षात आलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्याच्या आठवणी सांगायला सांगितल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग पडतो, हे मानसशास्त्रात पुष्कळदा दिसून आलेलं आहे. माझ्या यादीतले बहुतेक सगळे एका वयाचे. ते दहा ते तीसमध्ये होते तेव्हा काकू साधारण पस्तिशी ते पन्नाशीत होती. तक्त्यावरचा ढीग त्यांच्या तारुण्याचा होता. तिच्या आयुष्याचा आकार तसा नव्हता.

म्हणजे शेवटची वीस वर्षं हवी असतील तर त्या काळात जे लहान होते त्यांना गाठायला हवं. यादीत नातवंडं नव्हतीच. "त्यांना काय माहीत" असं मीच ठरवून टाकलं होतं. दादाच्या मुलीने फोन उघडून आजीचे संदेश दाखवले. काकू प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम द्यायची, कारण जागा सोडायचं बटण तिला सापडलं नव्हतं आणि विचारायचं नव्हतं. "पोचलीस.का.स्वेटर.घाल.उत्तर.नको.देऊ.अभ्यास.कर." असे तीनशेच्या वर संदेश. दोन पानं तेच छापले, पूर्णविरामांसकट. साठीनंतरची काकू त्यात पुरी आहे.

फोटोंचं काम मी सोपं समजले होते. चार अल्बम आणि एका खाकी पाकिटात निगेटिव्ह. अल्बम ते चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले. त्यातला डिंक वर्षानुवर्षांत पिवळा पडतो आणि फोटो असा धरून ठेवतो की ओढला तर फाटतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागे सरकवून हळूहळू करवतीसारखा पुढे-मागे न्यायचा, ही युक्ती उपयोगी पडली. जे सुटेनात ते पारदर्शक कागद उचलून पानासकट स्कॅन केले. हट्ट केला नाही. लहान फोटो इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने घेतले. प्रत्येकाची एक टिफ प्रत हात न लावता ठेवून दिली आणि पाठवायला वेगळी जेपेग काढली. मागची बाजूही स्कॅन केली, कारण तिथे काकांच्या अक्षरात महिना आणि साल असायचं. आपण मागे काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो. सगळ्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ताईच्या घरी. एवढं केलं की निवांत झोप लागते.

पण आकडा बघून झोप उडाली. ४१८ फोटो, आणि काकूचा चेहरा ३१ मध्ये. फोटो काका काढायचे, म्हणजे ती कॅमेऱ्यामागेही नव्हती. ती चौकटीच्या जरा बाहेर असायची. कुणाची कॉलर नीट कर, कुणाला पुढे सरकव, रडणारं पोर धरून ठेव.

एका रात्री स्कॅन कापत बसले होते. कडेला अर्धवट आलेला हात कापून टाकणार, तेवढ्यात मनगटावर घड्याळ दिसलं. तबकडी आतल्या बाजूला. काकू घड्याळ तसं घालायची, नाडी बघतात त्या बाजूला. काम करताना काच घासू नये म्हणून, असं ती सांगायची. मूल कडेवर असतानाही वेळ बघता यावी म्हणून, असं ताई म्हणते. मी कापणं थांबवलं आणि सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा बघितले, या वेळी फक्त कडा. खुर्ची मागे ओढणारा हात. बाळाची मान सावरणारा हात. कुणाच्या तरी खांद्यावर, ज्याच्या खांद्यावर आहे त्यालाही कळलं नसेल इतका अलगद. ६४ फोटो निघाले. त्यातले चोवीस घेऊन समोरासमोरची दोन पानं केली, फक्त हातांची. नावं दिली नाहीत, पण ज्याचा खांदा त्याने ओळखला.

पाचव्या महिन्यात ताईने एक लांबोडकी जमाखर्चाची वही आणून दिली. "बघ तुला काही कळतंय का." प्रत्येक ओळीत तारीख, नावाचं पहिलं अक्षर, आकडा, आणि पुढे "उसने". उजवीकडे एकतर बरोबरची खूण किंवा एकच शब्द: "सोडलं".

सढळ हाताच्या माणसाची वही अशी नसते, असं मला वाटलं. शिवाय दोघा-तिघांनी बोलता बोलता, जरा दुखावल्यासारखं, सांगितलं होतं की काकू अडीनडीला द्यायची खरी, पण परत कधी देणार ते विचारून लिहून घ्यायची. मी ओळी मोजल्या. ११२. त्यातल्या ४७ वर खूण, म्हणजे परत आलेले. ५८ वर "सोडलं". सात कोऱ्या, त्या सगळ्या शेवटच्या दोन वर्षांतल्या.

बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू विद्वानाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचं नाव माहीत नसणं ही वरून दुसरी. सगळ्यात वरची म्हणजे उसने देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, जेणेकरून त्या माणसावर पुन्हा हात पसरायची वेळ येऊ नये. काकूने हे नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. पण आतेभावाच्या ध्वनिमुद्रणात तिचं एक वाक्य आहे: "मदत म्हटलं की मान खाली जाते. उसने म्हटलं की माणूस ताठ चालतो." ताठ चालता यावं म्हणून ती परतीची तारीख विचारायची. "सोडलं" हा शब्द फक्त वहीसाठी होता. ज्याचं सोडलं त्याला ती कधी सांगायची नाही.

इथे मला तिचं चुकलं असं वाटतं. नात्यातल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की काकूचे पैसे देणं जमेना, म्हणून आठ वर्षं त्यांनी त्या घराची पायरी चढली नाही. समोरून दिसली तर रस्ता बदलायचे. तारीख आणि अक्षर जुळवून मी त्यांची ओळ शोधली. तिसऱ्याच वर्षी तिथे "सोडलं" लिहिलेलं होतं. म्हणजे पुढची पाच वर्षं ते एका नसलेल्या कर्जाला घाबरून रस्ता बदलत राहिले, आणि तिला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिने तोंड उघडलं नाही. मी काकांना विचारलं, त्यांना सांगू का? काका म्हणाले, "तिला सांगायचं असतं तर तिने लिहिलं नसतं." तरी मी सांगितलं. फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी दहापर्यंत मोजलं, पुन्हा दहापर्यंत. मग ते म्हणाले, "म्हणजे मी उगाच," आणि फोन ठेवला. सांगायला नको होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तिकेत वहीबद्दल चार वाक्यं आहेत. अक्षरं नाहीत, आकडे नाहीत. वही काकांना परत दिली.

वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी होती: "नाही म्हटलं." नऊ ओळी. तारीख आणि अक्षर, कारण कुठेच नाही. त्यातलं एक अक्षर मावशींचं. मावशींनी हे मला वही सापडण्याच्या आधीच सांगितलं होतं, चप्पल घालताना. "म्हणजे कसं की, तिने जगाला दिलं. मी एकदा मागितलं, घरासाठी, तर नाही म्हणाली. का ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही तीस वर्षं बोललो, सगळं बोललो, तेवढं सोडून." मी कारण पुष्कळ शोधलं. काकांना माहीत नाही. ताईला तर असं काही झालेलं होतं हेच माहीत नव्हतं. मी मनाशी दोन-तीन कारणं रचून पाहिली, तिन्ही काकूला शोभणारी होती आणि म्हणूनच तिन्ही टाकून दिली.

मावशींना विचारून ते बोलणं मी मसुद्यात ठेवलं. दादा चिडला. "आठवणींची पुस्तिका आहे की तक्रारींची?" त्याचं अगदीच चूक होतं असं नाही, ज्या माणसाला उत्तर देता येणार नाही त्याच्यावर आरोप छापताना मलाही जड जात होतं. भांडण ताईने मिटवलं, तिच्या पद्धतीने. "मावशीचं काढणार असशील तर माझंही पान काढ," म्हणाली, आणि दोन दिवसांनी हाताने लिहिलेला कागद आणून दिला. मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही.

"घर सगळ्यांचं होतं, त्यामुळे आमचं असं कमी होतं. आईशी एकटीने बोलायचं म्हणजे मला युक्ती करावी लागे. मी फ्रॉकची शिवण मुद्दाम उसवायची. ती यंत्रापाशी बसली की ती दहा मिनिटं माझी. तिला ते कळत असावं. तिने घातलेले ते टाके नेहमी सैल असायचे. की हा माझा समज, माहीत नाही."

दादाने ते वाचलं आणि मावशींच्या पानाबद्दल पुन्हा बोलला नाही.

मध्ये सहा आठवडे मी कामाला हात लावला नव्हता. जुन्या फोनमध्ये काकूचा अकरा सेकंदांचा आवाज सापडला: "अगं, फोन उचल. काही नाही, सहजच." मी तेव्हा उचलला नव्हता. फायलीला नाव देऊन, तीन जागी जतन करून, मग जे रडायला आलं ते आवरेना. एका नातेवाईक बाईंनी समजावलं की दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि मी अमक्या पायरीवर आहे. त्या पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून; मागे राहिलेल्यांनी त्या ओळीने चढायच्या असा काही नियम नाही. मला त्याहून पटलं ते शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांचं १९९९ मधलं म्हणणं. माणूस गेलेल्याच्या आठवणीत बुडणं आणि समोरची कामं उरकणं यांच्यामध्ये हेलकावे खात राहतो, आणि ते हेलकावेच त्याला तारतात. माझं तेच चाललं होतं. एक तास रडणं, एक तास समासाची रुंदी.

छपाईत एकच गोष्ट आधी माहीत असायला हवी होती. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. माझी पंचेचाळीस झाली होती. एक काढायचं किंवा तीन वाढवायची. काढायला काही सापडेना, म्हणून शेवटी तीन पानं नुसत्या ओळी आखून सोडली.

काकांनी पुस्तिका तीन दिवस वाचली, भिंग लावून. चौथ्या दिवशी फोन केला. चांगलं झालंय, वाईट झालंय, काही नाही.

"पान एकोणीस. वरून दुसरा हात. घड्याळ उजव्या मनगटावर आहे."

"हो काका. फोटोतच तसं आहे."

"ती डाव्या हातात घालायची."

मी संगणकावर तो फोटो उघडला. पाकिटातल्या निगेटिव्हवरून केलेला होता. निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरली. काठावरचे बारीक आकडे मला सरळ वाचता येत होते त्या बाजूने ती स्कॅनरला लावायची असते. मी पालथी लावली होती. अख्खा फोटो आरशातल्यासारखा उलटा आला होता. त्याच फोटोत लहानपणीचा दादा आहे, त्याचा भांगही भलत्याच बाजूला पडलाय. दादाने ते पान कमीत कमी दहा वेळा पाहिलं असेल.

पाकिटातल्या बाकीच्याही तपासल्या. अकरा उलट्या निघाल्या. काकांना कळवलं, तर म्हणाले त्यांच्या प्रतीत त्यांनी पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवली आहे, बाकीच्यांचं तू बघ. या रविवारी त्या अकराही पुन्हा स्कॅन करायला बसणार आहे.